सामना हरल्यानंतरची रात्र

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्याचा रंग बदलतो. आदल्या दिवशी शाहू स्टेडियमवर कोणती तालीम हरली, हे रुग्णांच्या चेहऱ्यांवरूनच कळते. घसा बसलेले, डोके धरलेले, रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेले. त्यातून पराभव जुन्या प्रतिस्पर्ध्याकडून झालेला असेल, तर बोलायलाच नको.

गेल्या हंगामात असेच एक गृहस्थ आले. वय 56, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, तरुणपणी स्वतः तालमीकडून खेळलेले. "डॉक्टर, हरल्याचं काही नाही हो, पण पोरं पळालीच नाहीत," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. रात्री जेवण नाही, गोळी नाही, मुलाशी कडाक्याचे भांडण. रक्तदाब 180/104. छातीत रात्रीपासून आवळल्यासारखे होत आहे, ही गोष्ट त्यांनी नव्हे, त्यांच्या पत्नीने सांगितली. तो संतापच आहे, अशी त्यांची समजूत होती. ईसीजीत बदल दिसले आणि त्यांना तत्काळ रुग्णवाहिकेने हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे लागले.

हे केवळ आपल्याकडचेच वेड नव्हे. 30 जून 1998 रोजी विश्वचषकात अर्जेंटिनाने इंग्लंडला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. त्या दिवशी आणि पुढील दोन दिवस इंग्लंडमधील रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण अपेक्षेपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक दाखल झाले. 2006 च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयाशी संबंधित तातडीच्या घटना 2.66 पट झाल्या, आणि जर्मनीने तर बहुतेक सामने जिंकले होते! म्हणजे घात केवळ पराभव करीत नाही, ताणही करतो. अ‍ॅड्रेनॅलिन उसळते, नाडी धावते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. आधीच आजारी असलेल्या हृदयाला एवढे पुरते.

म्हणून ज्यांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार आहे, त्यांनी सामन्याच्या दिवशी गोळी चुकवू नये; उपाशीपोटी चहा-सिगारेटवर वेळ काढू नये. छाती आवळणे, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम यांपैकी काहीही जाणवले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला दूरध्वनी करावा.

घरच्यांना एक विनंती. "खेळच तर आहे," असे त्या रात्री म्हणू नका. ज्याचे बालपण त्या तालमीच्या ओट्यावर गेले, त्याला ते वाक्य पराभवाहून अधिक लागते. (मलाही लागते.) जेवायला वाढा, गोळी हातात द्या, पंचाला शिव्या देऊ द्या.

ते गृहस्थ आता बरे आहेत. यंदा त्यांची तालीम पुन्हा हरली; दुसऱ्या दिवशी रक्तदाब 138/86 भरला. जिंकलेली तालीम माझी होती, हे त्यांना ठाऊक होते. आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.