ऑनलाइन वर्ग काढलात, शंभरातले टिकले किती?

दि. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारपुढे एक साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात अवघी १८. उरलेली ८२ मुले पुन्हा निरक्षरांत जमा होतात. शाळेचा दरवाजा उघडला म्हणजे शिक्षण झाले, असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. आत आलेले मूल शेवटपर्यंत राहिले का, हा त्यांचा प्रश्न होता. या हिशेबाला आता शंभर वर्षे होत आली. तोच प्रश्न आज आपण स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर समाजातील शिक्षक, अधिकारी, इंजिनियर, बँक कर्मचारी यांनी ठिकठिकाणी ऑनलाइन वर्ग सुरू केले. कुठे एमपीएससी, कुठे पोलीस भरती, कुठे स्कॉलरशिप, कुठे इंग्रजी संभाषण, तर कुठे पाली भाषा. 'पे बॅक टू सोसायटी' ही भावना त्यामागे आहे आणि ती अभिनंदनीय आहे. पण या वर्गांचे अहवाल वाचा. 'आमच्या ग्रुपला ५०० जण जोडले गेले', 'उद्घाटनाला अमुक साहेब उपस्थित होते', 'चॅनेलला इतके सबस्क्रायबर झाले'. पाचशेंपैकी अभ्यासक्रम पूर्ण किती जणांनी केला? या प्रश्नावर सगळे गप्प!

हे दुखणे केवळ आपले नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतील धनाढ्य विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम इंटरनेटवरून जगाला खुले केले. त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या आकडेवारीचा अभ्यास जानेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी पहिला धडादेखील उघडला नव्हता. २०१७-१८ साली अभ्यासक्रम पूर्ण करणारे १०० मध्ये सुमारे ३ होते. बाबासाहेबांच्या हिशेबातील १८ सुद्धा नाहीत! जगातले उत्तम प्राध्यापक, उत्तम कॅमेरे, अमाप पैसा, आणि निकाल हा. आपल्याकडची बायजूज ही कंपनी २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर किमतीची मानली जात होती. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तेव्हा आधी ॲप बनवू, स्टुडिओ उभारू, मग विद्यार्थी आपोआप येतील, या भ्रमात कार्यकर्त्यांनी राहू नये.

विद्यार्थी का गळतो, हे आधी समजून घ्या. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. हा आकडा ऐकून 'आता डिजिटल दरी संपली' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण त्याच पाहणीत पुढे आहे की, फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मुलांत सुमारे ३६ टक्क्यांकडे, तर मुलींत सुमारे २७ टक्क्यांकडेच आहे. म्हणजे फोन घरात आहे, पण मुलीच्या हातात नाही. बाप कामावरून रात्री आठला येतो तेव्हा फोन घरी येतो, आणि आपला वर्ग असतो संध्याकाळी सहाला! मग ती मुलगी गैरहजर राहणार नाही तर काय? १ जून २०२० रोजी केरळमध्ये शाळेचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले, त्याच दिवशी एका दलित विद्यार्थिनीने जीवन संपवले. घरातला टीव्ही बंद होता आणि स्मार्टफोन नव्हता. ही घटना वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

म्हणून वर्ग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला चार प्रश्न विचारा. फोन कोणाचा आहे? तो तुझ्या हातात किती वाजता येतो? रोजचा डेटा किती? घरात बसायला जागा आहे का? या उत्तरांवरून वेळापत्रक ठरवा, सरांच्या सोयीवरून नव्हे. सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. ज्याला शिकवायचे त्याच्या घड्याळाप्रमाणे शाळा चालते, हा आपला जुना वारसा आहे.

दुसरी गोष्ट डेटाची. कॅमेरा सुरू ठेवून तासभर वर्ग घेतला तर विद्यार्थ्याचा अर्धा-एक जीबी डेटा सहज खर्च होतो. रोजचा एक-दीड जीबीचा पॅक संपूर्ण घर वापरत असेल तर भावाबहिणीचे भांडण ठरलेलेच. हाच धडा साध्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवला तर तासाला सुमारे ३० एमबी पुरतात. इतिहास, राज्यशास्त्र, पाली, मराठी व्याकरण यांना मास्तरांचा चेहरा दिसण्याची गरज नसते. धडा आवाजात द्या, सोबत दोन पानांची टिपणे पीडीएफमध्ये द्या, आणि रात्री केव्हाही उतरवून घेता येईल असे ठेवा. गणित, भूमिती, नकाशे यांनाच चित्रफीत लागते. ती १२ ते १५ मिनिटांची असावी. एका चित्रफितीत एकच मुद्दा. दीड तासाचे व्याख्यान चढवून ठेवले तर ते कोणी शेवटपर्यंत पाहत नाही.

मग सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन यायचे कशासाठी? शंका विचारण्यासाठी! धडा आधी ऐकून यायचा आणि ४० मिनिटे फक्त प्रश्नोत्तरे करायची. येथे आपल्या मंडळींची एक सवय सोडावी लागेल. वंदना, स्वागत, परिचय, मान्यवरांचे मनोगत यांतच पाऊण तास जातो आणि शेवटी 'वेळेअभावी प्रश्न पुढच्या वेळी'. मान्यवरांना जयंतीच्या मंचावर बोलवा. वर्गाची वेळ विद्यार्थ्याची आहे.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणूस. कोणतेही ॲप गळणाऱ्या मुलाला थांबवू शकत नाही, त्याला माणूसच लागतो. दर २० ते २५ विद्यार्थ्यांमागे एक ताई किंवा दादा नेमा. नुकतीच पदवी झालेली वस्तीतली मुले-मुली हे काम उत्तम करतात. त्यांनी शिकवायचे नाही, फक्त हजेरीची वही ठेवायची. लागोपाठ दोन वर्ग चुकले की दोन दिवसांच्या आत फोन, आणि फोन लागला नाही तर घरी जाऊन भेट. 'का आला नाहीस?' असे दरडावून नव्हे, तर 'काय अडचण झाली?' असे आपुलकीने विचारायचे. रिचार्ज संपला होता, आई आजारी होती, पहिल्या चाचणीत दोन गुण मिळाले म्हणून लाज वाटली, अशी साधी कारणे निघतात आणि बहुतेक मार्गी लागतात. या ताई-दादांना महिन्याला थोडेफार मानधन जरूर द्या. फुकटच्या कामावर संस्था फार दिवस चालत नाही.

दर आठवड्याला एक लेखी काम द्या आणि ते तपासून परत करा. 'छान' असा शेरा मारून नव्हे, तर चूक कुठे झाली ते लिहून. आपले उत्तर कोणीतरी वाचते आहे, हे कळले की विद्यार्थी टिकतो.

चौथी गोष्ट स्वाभिमानाची आणि सुरक्षिततेची. एप्रिल २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या ऑनलाइन पूर्वतयारी वर्गात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापिकेने शिवीगाळ केली. ती चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. पडद्यावरचा वर्ग जातीपासून मुक्त असतो, हा समज खोटा आहे. पडद्यावर आडनाव झळकते आणि आडनावातून जात कळते. आपल्या वर्गात बाहेरचेही विद्यार्थी असतील, तेव्हा पडद्यावर फक्त पहिले नाव ठेवण्याची मुभा सर्वांना द्या. घरातली परिस्थिती दिसू नये म्हणून कुणी कॅमेरा बंद ठेवला तर सक्ती करू नका. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो आणि मग मुलींना नको ते मेसेज येऊ लागतात. असे दोनदा झाले की घरचे तिचे शिक्षणच बंद करतात. म्हणून नंबर दिसणार नाहीत अशी व्यवस्था निवडा, ग्रुपच्या प्रमुखांत एक महिला असू द्या, आणि तक्रार कोणाकडे करायची ते पहिल्याच दिवशी सांगा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. गुणवंतांचे फोटो फेसबुकवर टाकण्याची घाई झालेल्यांनी हे वाचून ठेवावे.

पाचवी गोष्ट जरा कडू आहे. आपल्या संघटना फुटतात हे सर्वश्रुत आहे. गट फुटला की चॅनेलचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळे धडे जातात आणि विद्यार्थी वाऱ्यावर! म्हणून खाते व्यक्तीच्या नावाने न काढता संस्थेच्या नावाने काढा, पासवर्ड तिघांकडे ठेवा, आणि प्रत्येक धड्याची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. जमाखर्च दर तीन महिन्यांनी विद्यार्थ्यांना आणि देणगीदारांना दाखवा. विनामूल्य 'मूडल' सारखी प्रणाली, सरकारचे 'स्वयम्' आणि 'दीक्षा' हे मंच उपलब्ध असताना लाखो रुपये देऊन स्वतःचे ॲप बनवून घेण्याची गरज नाही. जे धडे चांगले तयार आहेत ते वापरा. आपली ताकद विद्यार्थ्याला धरून ठेवण्यात लावा.

या कामासाठी इमारत कुठून आणायची, असे कोणी विचारील. गावोगावचे बुद्धविहार आहेत ना! अनेक विहार सकाळ-संध्याकाळच्या वंदनेपुरते उघडतात आणि दिवसभर कुलूपबंद असतात. तेथे एक इंटरनेट जोडणी, एक मोठा टीव्ही, चार टेबले आणि दोन पंखे ठेवा. ज्याच्या घरी फोन नाही, जागा नाही, शांतता नाही, त्याचा ऑनलाइन वर्ग विहारात भरेल. रविवारी तेथेच सगळ्यांनी दोन तास प्रत्यक्ष भेटावे, चाचणी द्यावी, एकमेकांना शिकवावे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत होणारा खर्च वाचवला तर अशी अभ्यासिका उभी राहते. हे अनेकदा लिहून झाले आहे, तरीही पुन्हा लिहावे लागते.

येत्या १४ एप्रिलला आपल्या प्रत्येक ऑनलाइन वर्गाने विहाराच्या फलकावर चार ओळी लिहाव्यात. किती जणांनी सुरुवात केली, किती टिकले, किती सोडून गेले आणि का गेले. चौथी ओळ लिहिण्यासाठी सोडून गेलेल्याच्या घरी जावे लागेल. बाबासाहेबांनी त्या ८२ मुलांची मोजणी सरकारपुढे मांडली, म्हणून ती मुले दिसली. आपल्या वर्गातून गेलेल्या मुलांची मोजणी आपणच केली पाहिजे, आणि मोजून झाल्यावर त्यांना परत आणले पाहिजे. जयभीम!