उरलेले पात्र कुणाच्या वाट्याला?



मे महिन्याच्या सुट्टीत चर्चच्या हॉलमध्ये आमची मुले 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होऊन काय करायचे ते ठरवतात, आणि बेत साधला की फसला हे फासे सांगतात. आम्ही स्वयंसेवक चहा-बिस्किटे घेऊन जातो आणि तिथेच रेंगाळतो.

डाव मांडण्याआधी पात्रे निवडायची असतात. "मी योद्धा!" "मी जादूगार!" असा एकच गलका होतो. शेवटी उरतो क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा धर्मसेवक. तो दर वेळी एकाच अबोल मुलीच्या वाट्याला येतो.

हे दुखणे तसे जुनेच. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा योद्धा, जादूगार आणि क्लेरिक असे तीनच वर्ग होते. तीन फासे टाकून एकेका गुणाचा आकडा ठरे. मग त्याला साजेसे पात्र घ्यायचे. २०१४ च्या आवृत्तीत आलेले आकडे हव्या त्या गुणापुढे मांडता येतात, म्हणजे मनाजोगते पात्र घडवता येते. क्लेरिकला नुसत्या मलमपट्टीत अडकून पडावे लागू नये म्हणून २००० सालच्या आवृत्तीत त्याला ऐन वेळी दुसऱ्या मंत्राऐवजी जखम भरण्याचा मंत्र वापरण्याची मुभा मिळाली. नियम सैल झाले, तरी आमच्या हॉलमधला गलका तोच आहे.

एकदा आम्ही त्या मुलीचे कौतुक केले, "किती सेवाभावी आहेस गं!" ती हळूच म्हणाली, "मला चोर व्हायचं होतं. कुणी विचारलंच नाही."

आम्ही खजील झालो. मिस्सानंतर हॉलच्या खुर्च्या कोण आवरते? दर रविवारी त्याच दोन काकू. सणाला त्यांना शाल देतो, टाळ्या वाजवतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा खुर्च्या त्यांच्यावर सोडून घरी जातो. संत पौलाने सांगितलेले एक शरीर आणि अनेक अवयव आम्हांला तोंडपाठ आहेत. पण मनापासून पत्करलेली सेवा वेगळी आणि इतरांनी आधी हात मारल्यामुळे गळ्यात पडलेली वेगळी. दुसरीला सेवा म्हणून गौरवणे आम्हांला बरोबर वाटत नाही.

कुणी म्हणेल, जखमा भरायला कुणीतरी हवेच ना? हवेच. पण बार्ड आणि ड्रुइड ही पात्रेही जखमा भरतात, औषधाच्या कुप्या तर कुणीही बाळगू शकतो. ओझे वाटून घेता येते.

म्हणून आता आम्ही मुलांना एक नियम घालून दिला आहे : मागच्या डावात शेवटी निवडले, त्याने या वेळी पहिले निवडायचे. ती मुलगी चोर झाली. योद्ध्याचा हट्ट धरणारा मुलगा क्लेरिक झाला, थोडा कुरकुरला, आणि तिसऱ्या दिवशी "कुणाला लागलंय का?" असे स्वतःहून विचारू लागला.

येत्या रविवारपासून खुर्च्यांचीही पाळी लावत आहोत. पहिले नाव आमचे.