सोयाबीन आले कुठून?

खरिपात वाशीम जिल्ह्यात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. हे पीक इकडे रुजले कसे? १९६०च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने पंतनगर व जबलपूरच्या कृषी विद्यापीठांशी नाते जोडले. तिकडचे प्राध्यापक इकडे आले, इकडचे तिकडे शिकून परतले. 'ब्रॅग'सारखे अमेरिकी वाण आपल्या मातीत पारखले गेले. १९६७ साली देशव्यापी सोयाबीन संशोधन प्रकल्प सुरू झाला.

आपली मुलेही आता अकोल्याला, परदेशी शेतकी शिकतात. सुटीत आली की त्यांना बांधावर न्या, चार शेजारी बोलवा, शंका विचारा. परत गेल्यावरही विचारपूस तुटू देऊ नका. कणगीतले बी पेरल्यावाचून उगवत नाही; विद्येचेही तसेच.