वजनही हवं, दमही हवा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वन्संना बघायला ठाण्याला गेले होते. डोंबिवलीहून दुपारची लोकल, गर्दी बेताची. ठाण्याला उतरले तर सरकत्या जिन्यापाशी ही रांग! म्हटलं, आपण काय म्हाताऱ्या झालोय? आणि साधा जिना धरला. पूल अर्धा चढेपर्यंत छाती अशी धडधडायला लागली की कठड्याला धरून उभी राहिले. मागून कॉलेजातली एक मुलगी आली. "आजी, पाणी देऊ का?"

'आजी' म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. छप्पन्न वर्षांची होते, केसही पांढरे. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आदल्याच दिवशी जिममध्ये मी साठ किलोचं डेडलिफ्ट केलं होतं. म्हणजे जमिनीवरचा वजनं लावलेला लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि पाठ न वाकवता, मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. साठ किलो म्हणजे भरलेले दोन गॅस सिलिंडर. ते उचलणारी बाई एका पुलापाशी गारद!

वन्संच्या घरी गेले तर त्या उजवा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन बसलेल्या. वन्सं माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. गेली वीस वर्षं रोज सकाळी तलावपाळीला पाच फेऱ्या, पावसाळ्यात छत्री घेऊन. दम असा की येऊरचा चढ गप्पा मारत चढतात. आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय काय सरकला, हात काय टेकला, मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासली तर ती बरीच कमी निघाली.

"एवढं चालून मिळालं काय गं मला?" वन्सं म्हणाल्या.

"आणि मला तरी एवढं उचलून काय मिळालं?" मी पुलाची हकीकत सांगितली. दोघी खूप हसलो. पण परतीच्या गाडीत हसू येईना. दोघी व्यायाम करणाऱ्या, नातेवाइकांत कौतुक होणाऱ्या, आणि दोघींचाही व्यायाम निम्माच!

मैत्रिणींनो, तरुणपणी हे खपून जातं. नुसतं पळणाऱ्या मुलीच्या अंगात ताकदही असते, नुसतं वजन उचलणारीला गाडी पकडायला धावताही येतं. वय ती सूट काढून घेतं. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. स्नायूही आटतात, आणि त्यातले झटक्यात जोर लावणारे, म्हणजे तोल जाताना सावरणारे तंतू जास्त आटतात. या झिजेला 1989 साली 'सार्कोपेनिया' असं नाव मिळालं. दुसरीकडे हृदयाचा जास्तीत जास्त वेग वयाबरोबर उतरत जातो, म्हणजे दमाची पुंजीही कमी होते. दोन्हीकडून गळती लागलेली असताना एकच भोक बुजवून कसं चालेल?

आपल्याकडे पन्नाशीपुढच्या बाईला चालायला जायची परवानगी आहे. वजन उचलायची नाही! मी शेहेचाळिसाव्या वर्षी जिममध्ये नाव घातलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, अंग खाली येईल, या वयात कसलं वजन उचलतेस?" या काकूंनी जन्मभर पाण्याचे हंडे उचलले, गव्हाचा डबा खालून वर नेला, तेव्हा मात्र त्यांना कोणी अडवलं नव्हतं. ऑलिम्पिकमध्येसुद्धा बायकांचं वेटलिफ्टिंग यायला 2000 साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी सिडनीला कर्णम मल्लेश्वरीने ब्राँझ मिळवलं.

वजनाची भीती बाळगणाऱ्यांना मी ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास सांगते. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या, 58 वर्षांपुढच्या 101 बायका त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्याची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला, त्यांची एखाद टक्का घटली. हे निष्कर्ष 2018 मध्ये छापून आले. 'देखरेखीखाली' हा शब्द मात्र विसरू नका.

झालं वन्संचं. आता माझ्यासारख्या, म्हणजे लोखंडाच्या प्रेमात पडलेल्या बायकांचं. आमचा आजार वेगळा, आकड्याचा. एक्कावन्नाव्या वर्षी मी ऐंशी किलो उचललं आणि तो आकडा डोक्यातून जाईना. चालणं म्हणजे वेळ फुकट, असं वाटायचं. त्यामुळे पुलावर फजिती झाल्यावर मी दुसरं टोक गाठलं. जिमचे चार दिवस तसेच ठेवून वर रोज पहाटे पळायला सुरुवात केली. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये पळायचं स्वप्नंही पडायला लागलं! सहा आठवड्यांत गुडघा सुजला, झोप उडाली, वजनाचा आकडा खाली आला आणि घरात सगळ्यांवर चिडचिड.

असं का होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 सालीच दिलेलं आहे. त्यांनी एका गटाला दहा आठवडे ताकदीचा आणि दमाचा, असे दोन्ही व्यायाम जवळजवळ रोज करायला लावले. सहा-सात आठवडे ताकद वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरायला लागली. नुसती वजनं उचलणाऱ्यांची मात्र वाढतच राहिली. यावरून बऱ्याच जणांनी अर्थ काढला की दोन्ही एकत्र करूच नये. पण नंतरच्या अभ्यासांतून दिसलं, की बेताने केलं तर वयस्कर माणसांनाही दोन्हींचा लाभ होतो. थोडक्यात, मीठ आणि तिखट एकाच आमटीत चालतं, मूठमूठ घालायचं नसतं!

आता माझा आठवडा असा असतो. सोमवार-गुरुवार वजनं, पाऊण तास. बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, डोक्यावर ढकलणं, स्वतःकडे ओढणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. प्रत्येक सेटला आणखी दोन-तीनदा जमलं असतं, असं वाटतानाच थांबते. मंगळवारी आणि शुक्रवारी चाळीस मिनिटं भरभर चालणं, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. रविवारी वन्संबरोबर येऊर, तासभर चढ-उतार. बुधवार-शनिवार सुट्टी. एकाच दिवशी दोन्ही करायची वेळ आलीच तर वजनं आधी, चालणं नंतर. दर चौथ्या आठवड्याला वजनं कमी लावते, कारण या वयात अंग भरून यायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही 2020 पासून हेच सांगते आहे: आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा, आणि पासष्टीपुढे तोल सावरण्याचाही.

जिम जवळ नाही? खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. जमलं की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून करा. भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या घ्या आणि ताठ चाला. भिंतीवर दंड काढा. फक्त वजन महिन्या-दोन महिन्यांनी वाढलं पाहिजे, नाहीतर अंगाला ते पाठ होतं. ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास किंवा आधीचं फ्रॅक्चर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. उचलताना श्वास कोंडून धरू नका.

मिलिंद सोमणच्या आई, उषा सोमण आठवतात? 2016 मध्ये मुलाबरोबर साडी नेसून अनवाणी धावल्या आणि 2020 मध्ये 81 व्या वाढदिवसाला पुशअप्स काढले. दम आणि ताकद, दोन्ही! त्यांच्याइतकं आपल्याला जमलंच पाहिजे असं नाही. पण दोन्ही करता येतं, एवढं तरी त्यातून घेऊ या.

खरी अडचण व्यायामाची नाहीच, वेळेची आणि विश्रांतीची आहे. वजन उचलून आलेल्या बाईला ताटात वरणाची दुसरी वाटी लागते, अंडं किंवा उसळ लागते, रात्रीची पुरती झोप लागते. घरात उरलंसुरलं खाणाऱ्या बाईचे स्नायू कशावर वाढायचे? नवऱ्याच्या मॉर्निंग वॉकला धक्का लागत नाही, आणि आपले सोमवार-गुरुवार मात्र पाहुणे आले की पहिले रद्द होतात. माझं स्पष्ट मत आहे, ते दोन दिवस औषधाच्या गोळीसारखे समजावेत. गोळी कोणी पाहुण्यांसाठी चुकवतं का?

आणि आकड्याचं म्हणाल, तर ऐंशी आता परत येणार नाही. सुरुवातीला जड गेलं हे कबूल करायला. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांतसुद्धा चाळिशीपासून वेगळे 'मास्टर्स' गट असतात, सत्तरीपुढच्यांचा आणखी वेगळा. स्पर्धा जर वय मान्य करते, तर आपण का करू नये? आज मी साठ किलो पाच वेळा उचलते आणि ठाण्याचा पूल न थांबता चढते. ऐंशीपेक्षा मला हा हिशोब जास्त कामाचा वाटतो.

वन्सं आता सदुसष्ट... छे, त्रेसष्ट! वय वाढवून सांगितलं तर रागावतील. प्लॅस्टर निघाल्यावर, डॉक्टरांना विचारून, एक-एक किलोच्या डंबेलपासून सुरुवात केली त्यांनी. परवा फोन आला, "अगं, आज पंधरा किलो उचललं. सुनेने पाहिलं आणि धान्याचा डबा माझ्याकडेच दिला!"

म्हटलं, "वन्सं, डबा सुनेलाच उचलू दे. तिच्याही हाडांची सोय आत्तापासूनच व्हायला हवी."