पहिलं भेटकार्ड शिकवताना सजवलेला नमुना नको



दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी बहुतेक शाळांत आकाशकंदील, पणत्या आणि भेटकार्डं यांचे उपक्रम होतात. आता काही शाळा संध्याकाळच्या वेळी पालकांनाही बोलावतात. कामावरून सुटलेले बाबा येतात, शेतातून परतलेल्या आया येतात, नातवंडाचा हात धरून आजी येतात. सतरंजीवर बसून दीड-दोन तास सगळे मिळून कार्ड करतात. उपक्रम चांगला आहे, तो वाढायला हवा. पण आपण तो शिकवतो कसा, याबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. ज्यांनी आयुष्यात कधी कार्ड केलेलं नाही, त्यांच्यासमोर सजवलेला तयार नमुना ठेवू नये, असं माझं मत आहे.

आपण नेमकं काय करतो बघा. फळ्यावर चार-पाच देखणी कार्डं लावतो. टिकल्या, कुंदन, लेस, सोनेरी चमकी, सगळं. मग म्हणतो, "हे बघा, असं करायचं. सोप्पं आहे." नवशिक्या माणसाला त्या कार्डात कृती दिसत नाही, फक्त शेवट दिसतो. ते कार्ड करायला बाईंना आदल्या रात्री दोन तास लागले आणि त्याआधी तीन कागद वाया गेले, हे त्याला कुठे माहीत असतं? तो आपला पहिला तिरका काप बघतो, फळ्याकडे बघतो आणि कात्री खाली ठेवतो. "नाही हो मॅडम, आपला हात नाही त्यात." शेजारी त्याचं लेकरू बसलेलं असतं, ते हे ऐकत असतं.

म्हणून मला ही गोष्ट साध्या कार्यानुभवाच्या तासापुरती वाटत नाही. "आमच्या घरात कुणालाच गणित जमत नाही" हे वाक्य जसं घराण्याच्या आडनावासारखं पुढे चालतं, तसंच हेही चालतं. मुलाने आपल्या आईला किंवा बाबाला नवीन काही शिकताना बघण्याची वेळ फार कमी येते. ती एक संध्याकाळ आपल्या हातात असते, आणि त्याच संध्याकाळी मोठं माणूस मुलासमोर हार मानतं.

काही सहकारी म्हणतात की नमुना नसेल तर लोक गोंधळतील. खरं आहे, नुसता कोरा कागद हातात दिला तर गोंधळतीलच. म्हणून मी पांढरा नमुना ठेवते. साध्या कार्डशीटचा, एकही रंग नसलेला, फक्त घडी आणि रचना दाखवणारा. सोबत तोच नमुना अर्धवट अवस्थेत: एक फक्त कापलेला, एक कापून घडी घातलेला. हे नमुने फळ्यावर लावायचे नाहीत, हातोहात फिरवायचे. लोक ते उघडतात, मिटतात, उलटे करून बघतात. ते देखणे नसतात, त्यामुळे त्यांच्याशी कुणी तुलना करत बसत नाही. "हे उभं कसं राहिलं?" एवढाच प्रश्न उरतो, आणि तोच तर आपल्याला हवा असतो.

पहिली वीस मिनिटं मी फक्त घडीला देते. हसू नका, वीस मिनिटंसुद्धा कमीच पडतात. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने घडी घातली की ती सरळ बसते, आडवी घातली की जाड कागदाला कडेवर भेगा पडतात. दिशा ओळखायला सोपं आहे. कागद न मोडता हलकेच एकदा उभा, एकदा आडवा वाकवून बघायचा. जिकडे कमी विरोध करतो, तिकडची घडी चांगली बसते. ए-४ कार्डशीटमध्ये तंतू बऱ्याचदा लांब बाजूने असतात. तसा कागद नुसता मधोमध दुमडला तर घडी नेमकी आडवी येते आणि फाटल्यासारखी दिसते. आधी कापून दोन तुकडे करा आणि मग प्रत्येक तुकडा लांबीच्या मध्यावर दुमडा. आता घडी तंतूंच्या दिशेने येते आणि एका कागदात दोन कार्डंही होतात. नवशिक्या माणसाला वाटत असतं की आपला हात खराब आहे. कित्येकदा कागद आडवा असतो, एवढंच! हे त्याला पहिल्या वीस मिनिटांत कळलं तर पुढची संध्याकाळ वेगळी जाते.

जाड कागद दुमडण्याआधी पट्टी लावून संपलेल्या रिफिलने एक रेघ दाबून ओढायची. शाई नाही, नुसता दाब. मग दुमडून चमच्याच्या पाठीने घासायचं. यासाठी कुठलंही विकतचं किट लागत नाही. खरं सांगायचं तर किट आणूच नये, त्यात चिकटवण्यापलीकडे काही करायला उरत नाही.

इथे आजीबाई एकदम पुढे येतात. करंजीला मुरड घालणारा हात, साडीच्या निऱ्या एका मापाच्या घालणारा हात, गोधडीचे टाके सरळ रेषेत नेणारा हात घडीला घाबरत नाही. "मला काय येतंय" म्हणत बसलेल्या बाईंना "करंजीची कड दाबता तशी दाबा" एवढं सांगितलं की काम होतं. फक्त हे त्यांच्या भाषेत सांगायला हवं. आपण "पेपर क्राफ्ट" म्हटलं की त्यांना ते आपलं वाटतच नाही.

घडीनंतर एकच युक्ती शिकवायची. एकच. साध्या पातळ कागदाचा कार्डाएवढा तुकडा मधोमध दुमडा. घडीच्या बाजूने दोन सेंटिमीटर अंतरावर दोन समान काप द्या, प्रत्येकी तीन सेंटिमीटर. मधली पट्टी आतल्या बाजूला ढकला. कागद उघडला की मध्ये एक पायरी उभी राहते. तिच्यावर पणती चिकटवा, कंदील चिकटवा, नाहीतर मुलाने काढलेलं कुत्र्याचं चित्र चिकटवा. हा कागद मग जाड कार्डाच्या आत चिकटवायचा म्हणजे बाहेरून खिडकी दिसत नाही. काप पानाच्या अर्ध्याहून लांब गेला तर मिटलेल्या कार्डातून पायरी बाहेर डोकावते. असं का होतं, ते सांगू नका. सहावी-सातवीची मुलं मोजून शोधून काढतात आणि मग बाबांना समजावून सांगतात. ती पाच मिनिटं बघण्यासारखी असतात.

चिकटवताना पांढरा डिंक थापला की कागद ओला होऊन सुरकुततो. ठिपक्याठिपक्यांनी लावायचा, आणि तोही कडेला. कात्र्या दोघांत एक पुरतात. एक गोष्ट मात्र आवर्जून बघा: डावखुऱ्या माणसाला नेहमीच्या कात्रीने सरळ कापता येत नाही, कारण पाती उलटी पडतात आणि रेघ पात्यामागे लपते. तो बिचारा आयुष्यभर स्वतःला दोष देत आलेला असतो. डाव्या हाताची एक कात्री शाळेत असायलाच हवी.

आणि आपले हात? ते शक्यतो पाठीमागे ठेवायचे. "द्या, मी करून देते" हे या संध्याकाळचं सगळ्यात घातक वाक्य आहे. दाखवायचंच असेल तर आपल्या कागदावर दाखवा, त्यांच्या कागदाला हात लावू नका. हे मुलांच्या आयांनाही सांगावं लागतं, कारण त्या स्वतःचं सोडून मुलाचं कार्ड नीट करत बसतात. घरून येणारी निम्मी प्रोजेक्टं कोण करतं, हे आपल्याला काय नवीन आहे का?

आता सजावटीबद्दल. लोक विचारतात, नमुना नाही तर सुचणार कसं? माझा अनुभव असा की कार्ड कोणासाठी आहे हे आधी ठरलं तर सुचतं. कागद हातात देण्यापूर्वी मी प्रत्येकाला एक नाव ठरवायला लावते. पुण्याला शिकायला गेलेला भाचा, माहेरची शेजारीण, रिटायर झालेले गुरुजी, कोणीही. "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा" तर फोनवर शंभर येतात. आत एक वाक्य असं लिहायचं, जे दुसरा कोणी लिहू शकणार नाही. युनिसेफची भेटकार्डं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या १९४९ सालच्या पहिल्या कार्डावरचं चित्र चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोव्हा या ७ वर्षांच्या मुलीचं होतं. महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल तिला आभार मानायचे होते. कागद नव्हता म्हणून तिने ते काचेवर रंगवलं. तिच्यासमोर कुठला नमुना होता? तिला कोणाला तरी काहीतरी सांगायचं होतं.

शेवटी एक अडचणीचा विषय. अशा उपक्रमाचे फोटो अहवालाला जोडावे लागतात, ग्रुपवर टाकावे लागतात, आणि फोटोत तिरकी कार्डं बरी दिसत नाहीत. माझ्या मते नमुना ठेवण्यामागचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं. आपण शिक्षकांनी हे आपसात तरी मोकळेपणाने बोलायला हवं. फोटो काढायचाच तर काम करणाऱ्या हातांचा काढा, तो चांगला येतो. आणि "उत्कृष्ट कार्डाला बक्षीस" तर मुळीच नको. बक्षीस त्या घराला जातं जिथे आधीच कोणीतरी चित्रं काढत असतं.

तयार कार्ड घरी नेऊन कपाटावर ठेवू देऊ नका, पोस्टात टाकायला लावा. पाकीट साध्या ए-४ कागदाचं होतं. यात मुलांसाठी एक छान गणितही आहे. २०० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन २०० ग्रॅम, आणि ए-४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणजे अर्ध्या ए-४ चं जाड कार्ड सव्वासहा ग्रॅम, आतला ८० जीएसएमचा अर्धा कागद अडीच ग्रॅम, पाकीट पाच ग्रॅम. डिंक धरूनही हे पंधरा ग्रॅमच्या आसपास राहतं आणि साध्या टपालाच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं. कुंदन-टिकल्यांचा थर दिला तर मात्र वजन करून बघा.

तिकिटं आदल्या दिवशीच आणून ठेवा. पत्ता घरून लिहून आणायला निरोपातच सांगा, नाहीतर निम्म्यांना पिनकोड आठवत नाही. पाकिटावर सहा चौकोन आधी आखून ठेवले की तो विसरतही नाही.