कोऱ्या कागदावरचा अंगठा

आमच्या लहानपणी 'अंगठाबहाद्दर' हा शब्द थट्टेचा होता. ज्याला सही करता येत नाही तो अंगठा उमटवतो, एवढाच त्याचा अर्थ. पुढे गावोगावी शाळा निघाल्या, प्रौढ साक्षरतेचे वर्ग झाले आणि दस्तऐवजावर स्वतःच्या हाताने नाव लिहिणे ही अभिमानाची गोष्ट ठरली. आज काळाचे चक्र असे फिरले आहे की, पदवीधर, प्राध्यापक आणि वकीलही पुन्हा अंगठा टेकवू लागले आहेत. शिधावाटप दुकानात, बँकेत, सिमकार्ड घेताना, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देताना यंत्राच्या काचेवर बोट ठेवावे लागते, नाहीतर कॅमेऱ्यासमोर चेहरा धरावा लागतो. आपण कोण आहोत हे आता आपण सांगायचे नसून यंत्राने सांगायचे आहे.

यंत्राविषयी आमच्या मनात आकस नाही. मध्यस्थाच्या हाताला न लागता अनुदानाची रक्कम थेट गरिबाच्या खात्यात जमा होते, हा यंत्राचाच उपकार आहे. बनावट शिधापत्रिकांवर धान्य उचलून काळ्या बाजारात विकणाऱ्यांना आळा बसावा, असे कुणा प्रामाणिक माणसाला वाटणार नाही? प्रश्न वेगळा आहे. यंत्र चुकले, तर त्या चुकीची किंमत कोणी मोजायची? आणि ज्या माणसाला 'नाही' म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याने दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय?

२०२५ या वर्षाच्या अखेरच्या दोन महिन्यांत या प्रश्नांशी निगडित तीन घटना घडल्या. नोव्हेंबरच्या मध्यास केंद्र सरकारने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २८ नोव्हेंबरच्या आदेशाने दूरसंचार विभागाने मोबाइल उत्पादकांना असे फर्मावले की, 'संचार साथी' हे सरकारी अ‍ॅप त्यांनी ९० दिवसांच्या आत प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवून द्यावे. हरवलेला फोन शोधणे, आपल्या नावावर भलत्याच कुणी सिमकार्ड घेतले आहे काय हे पाहणे, अशी या अ‍ॅपची कामे उपयोगाची आहेत. परंतु उपयोगाची वस्तू सक्तीने घरात आणून ठेवली की तिच्याविषयी शंका उत्पन्न होते. देशभर टीका झाली आणि ३ डिसेंबर रोजी सरकारने ही सक्ती मागे घेतली.

तिसरी घटना आपल्या महाराष्ट्रातील आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये मिळू लागले. पुढे चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यांतही ही रक्कम गेल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले. तेव्हा पडताळणी हवी, हे सरकारचे म्हणणे रास्तच होते. त्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थी महिलांना ई-केवायसी अनिवार्य करण्यात आली. बहिणीचा आधार क्रमांक आणि ओटीपी तर हवाच, शिवाय पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपीही हवा, अशी ती रचना होती. संगणकाच्या पडद्यावर पती आणि वडील यांच्यासाठी चौकट होती. पती निवर्तलेला आहे, वडीलही हयात नाहीत, किंवा नवऱ्याने टाकून दिले आहे, अशा स्त्रीने त्या चौकटीत काय भरावे? मुदत १८ नोव्हेंबरला संपत आली आणि अतिवृष्टी व पूरस्थितीचाही विचार करून ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. तेव्हाच विधवा व घटस्फोटित भगिनींसाठी मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश सादर करण्याचा वेगळा मार्ग सांगण्यात आला. ही दुरुस्ती स्वागतार्ह होती. परंतु मदतीची सर्वाधिक गरज जिला आहे, तीच स्त्री आराखडा आखणाऱ्याच्या ध्यानात सर्वांत शेवटी यावी, हे चिंतनीय आहे.

या तिन्ही घटनांचे मूळ शोधू गेल्यास आपण नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पोहोचतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत या गावात देशातील पहिला आधार क्रमांक एका महिलेला देण्यात आला. ज्याच्याजवळ कोणताच कागद नाही, त्याला ओळख मिळावी, हा त्यामागील उदात्त हेतू होता. ही ओळख ऐच्छिक असेल असे तेव्हा सांगण्यात आले होते. २०१६ च्या आधार कायद्याने सरकारी अनुदानाच्या योजनांसाठी ती जवळजवळ आवश्यक झाली.

या प्रवासाला न्यायालयात आव्हान मिळाले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेतून दोन ऐतिहासिक निकाल निघाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असून तो घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात अंतर्भूत आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला; मात्र बँक खाते व मोबाइल क्रमांक आधारशी जोडण्याची सक्ती रद्द केली. ओळख पटवताना यंत्र अपयशी ठरले, एवढ्याच कारणाने पात्र माणसाला लाभापासून वंचित ठेवता कामा नये, हेही त्या निकालातून स्पष्ट झाले.

निकालातील ते वाक्य रास्त भाव दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत किती पोहोचले? आयुष्यभर वाडीत खुरपे चालवून, भांडी घासून, विटा उचलून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, अशा वृद्धांना आपण सर्वांनी पाहिले आहे. "आजी, अंगठा जुळत नाही, उद्या या," असे दुकानदार सांगतो. उद्या सर्व्हर बंद असतो, परवा रेंज नसते. दुकानदार दुष्ट नाही. यंत्राने हिरवा दिवा दाखवल्याशिवाय त्याला धान्य मोजता येत नाही. नियमपुस्तकात पर्याय असतात, परंतु तो पर्याय कोणता आणि तो कुणाकडे मागायचा, हे आजीला कुणी सांगत नाही. रिक्षाचे भाडे तिचे, बुडालेली रोजी तिच्या सुनेची, आणि यंत्राच्या दप्तरी मात्र या फेऱ्यांची कोठेही नोंद नाही. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार देतानाही चेहऱ्याची पडताळणी आवश्यक करण्यात आली आहे. गरोदर मातेचा चेहरा जुन्या छायाचित्राशी जुळला नाही, तर खजील व्हायचे तिने, आणि मातेचे बोलणे ऐकून घ्यायचे अंगणवाडी सेविकेने.

येथे आम्हाला महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पान आठवते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तो त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे बाहेर काढून ते जाळण्यात आले. कारण त्या कागदांवर काय लिहिले आहे हे अंगठा उमटवणाऱ्याला वाचता येत नव्हते, आणि न्यायालय मात्र कागदालाच प्रमाण मानत होते. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जाचे दस्तऐवज ग्राम निबंधकाच्या देखरेखीखाली व्हावेत, ऋणकोला पावती व हिशेब मिळावा आणि न्यायालयाने केवळ रोख्यावर विसंबून न राहता मूळ व्यवहाराचा शोध घ्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. कागदावर अंगठा आहे म्हणजे संमती आहे असे नव्हे, हे तत्त्व परकीय सरकारलाही त्या वेळी मान्य करावे लागले.

दीडशे वर्षांनंतर आपल्या हाती आलेला नवा कायदा या तत्त्वाला कितपत जागतो? त्यातील चांगल्या गोष्टी आधी सांगितल्या पाहिजेत. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी हवी हे सोप्या भाषेत सांगावे, आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, ते वाचण्याची सोय द्यावी, दिलेली संमती मागे घेता यावी, असे हा कायदा म्हणतो. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना वापरता येणार नाही. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता दुसरी बाजू पाहू. तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याची माहिती चव्हाट्यावर आली, त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट, खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याचे ठरल्यास नागरिकालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनुदान वा लाभ देताना शासनापाशी आधीच असलेली माहिती वापरायची असेल, तर नव्याने संमती घेण्याची गरज नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी शासनाच्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळता येते. म्हणजे ज्या ठिकाणी गरिबाला नकार देणे सर्वांत कठीण, त्याच ठिकाणी संमतीचे संरक्षण सर्वांत पातळ आहे.

वेळापत्रकही बोलके आहे. माहिती गोळा करणाऱ्यांवरील प्रमुख बंधने नियम प्रसिद्ध झाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावीत अशी आखणी आहे. परंतु याच कायद्याने माहितीच्या अधिकारात केलेली दुरुस्ती नियमांबरोबरच अमलात आली. पूर्वी एखाद्या अधिकाऱ्याविषयीची वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी देता येत असे, आणि त्या कलमातच तसे नमूद होते. आता वैयक्तिक माहिती सरसकट नाकारता येईल, अशी शब्दरचना झाली आहे. जनहितासाठी माहिती देता येईल असे दुसरे उपकलम अद्याप शिल्लक आहे, हे खरे. परंतु नकार देणाऱ्याचे काम सोपे झाले, हेही तितकेच खरे. २००५ चा केंद्रीय कायदा येण्यापूर्वी, २००२ मध्येच, स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने याची विशेष दखल घ्यायला हवी. शासनापुढे नागरिक काचेसारखा पारदर्शक आणि नागरिकापुढे शासन भिंतीसारखे, अशी स्थिती लोकशाहीला शोभणारी नाही.

मग करावे काय? यंत्रे मोडून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, यंत्राच्या चुकीचा भार यंत्र बसवणाऱ्याने वाहावा. अंगठा जुळला नाही, तर त्या दिवसाचे धान्य आधी द्यावे आणि पडताळणी मागाहून करावी. नाकारलेल्या प्रत्येक माणसाला नकाराचे कारण व दाद मागण्याचे ठिकाण सांगणारी मराठीतील पावती त्याच वेळी मिळावी. १८७९ मध्ये ऋणकोला पावती देणे शक्य होते, तर आज ते अशक्य का असावे? आणि कोणतीही नवी पडताळणी सक्तीची करण्यापूर्वी विधवा, परित्यक्ता, अपंग, स्थलांतरित व वृद्ध यांच्यावर तिचा काय परिणाम होईल, हे त्यांनाच विचारून ठरवावे.

दुसऱ्याला उपदेश करताना आपले घर तपासणे आवश्यक आहे. आपल्या धर्मग्रामांची कार्यालये, शाळा, पतपेढ्या आणि रुग्णसेवा केंद्रे यांच्यापाशीही लोकांची पुष्कळ माहिती असते. कुटुंबपत्रकात घरातील दुःखेही लिहिलेली असतात. शिष्यवृत्तीसाठी घेतलेल्या आधारकार्डाच्या छायाप्रती कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात. विद्यार्थ्यांची छायाचित्रे, आजाऱ्यांची नावे व फोन क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर सहज टाकले जातात. त्यामागे हेतू चांगला असतो, परंतु त्या माणसाला विचारले होते काय? गरजेपुरतीच माहिती घ्यावी, ती कुलूपबंद ठेवावी आणि काम झाल्यावर नष्ट करावी, हा नियम पाळण्यास मे २०२७ ची वाट पाहण्याचे कारण नाही.

सुशिक्षित वाचकांवर आणखी एक जबाबदारी आहे. शेजारच्या आजीबरोबर एकदा दुकानात जावे. अंगठा जुळला नाही, तर तिच्या वतीने पर्याय विचारावा, तक्रार लेखी द्यावी आणि पोहोच घ्यावी. सुप्याच्या शेतकऱ्याला वाचून दाखवणारा कुणी नव्हता, म्हणून कोऱ्या कागदावरचा अंगठा त्याच्या गळ्याचा फास झाला. आजच्या अंगठ्याजवळ कुणीतरी वाचता येणारा उभा राहावा, एवढे तर आपल्याला निश्चितच करता येईल.