वेग हवा, पण खोटी पावती नको

मोहल्ल्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर काही वर्षं मी सांभाळत होतो. नोकरी नव्हती, ओळखीतून गळ्यात पडलेलं काम होतं. एका रात्री वीज गेली, यूपीएसच्या बॅटरीने दगा दिला आणि सकाळी डेटाबेस उघडेना. दुकानोदुकानी फिरून पिग्मी गोळा करणारे चाचा माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "बेटा, लोकांना पावत्या फाडून दिल्यात. आता त्यांना काय सांगू?" रोज पन्नास-शंभर रुपये टाकणारी माणसं होती ती. भाजीवाले, रिक्षावाले, शिवणकाम करणाऱ्या बाया. दोष विजेचा नव्हता, माझा होता. दोन महिन्यांपूर्वी मी तो सर्व्हर 'फास्ट' केला होता.

त्या एका लोखंडी डब्यात तीन व्हर्च्युअल मशीन होती. म्हणजे खरा संगणक एकच, पण त्याच्या पोटात तीन संगणक स्वतंत्र असल्यासारखे चालायचे. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या मशीनमध्ये होतं आणि खाली लिनक्सवर केव्हीएम व क्यूएमू. महिनाअखेरीला सगळे वैतागायचे. व्याज काढायला बसलं की मॅनेजर साहेब दोनदा चहा पिऊन यायचे, तरी काम संपलेलं नसायचं.

कारणं दोन होती. पहिलं, विंडोजला दाखवलेली डिस्क जुन्या आयडीई डिस्कची नक्कल होती. नकली डिस्कच्या प्रत्येक बटणाला हात लावला की आतलं मशीन थांबतं, ताबा बाहेरच्या यंत्रणेकडे जातो, काम होतं आणि ताबा परत येतो. एका नोंदीसाठी अशा अनेक फेऱ्या पडतात. यावरचा उपाय जुना आहे. रस्टी रसेल यांनी मांडलेली व्हर्टआयओ ही पद्धत २००८ च्या सुरुवातीला लिनक्सच्या गाभ्यात आली. तिच्यात आतलं मशीन नकलेचा आग्रह सोडतं. दोघांच्या सामाईक मेमरीत कामांची रांग लावली जाते आणि 'घ्या' असा एकच इशारा दिला जातो. दुसरं कारण म्हणजे खालची डिस्क फिरत्या तबकडीची होती. तिची गती कोणताही ड्रायव्हर वाढवू शकत नाही.

मी व्हर्टआयओ लावून पाहिलं. विंडोजमध्ये तो ड्रायव्हर मुळात नसतो, त्यामुळे सुरू होतानाच निळा पडदा आला. आधी एक छोटी, रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडायची, विंडोजमध्ये ड्रायव्हर बसवून घ्यायचा आणि मगच मुख्य डिस्क बदलायची, हे तेव्हा माहीत नव्हतं. घाई होती. कॅशच्या पर्यायांत 'अनसेफ' दिसला, तो निवडला. दहा मिनिटांत मशीन पळायला लागलं आणि साहेबांनी पाठ थोपटली.

'अनसेफ' काय करतो? डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर खाली विचारतो, "नोंद डिस्कवर पक्की उतरली का?" उत्तर येईपर्यंत तो थांबतो. या पर्यायात क्यूएमू तो प्रश्न खाली पाठवतच नाही, "हो, उतरली" असं परस्पर सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात नोंद होस्टच्या मेमरीतच असते. पैसे तिजोरीत न ठेवता पावती फाडण्यासारखंच हे.

कोणी म्हणेल, गेली असतील शेवटच्या अर्ध्या मिनिटाची कामं. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण त्या प्रश्नाच्या आधारावर डेटाबेस नोंदींचा क्रमही सांभाळतो. तो आधार काढला की नंतरचं पान आधी उतरतं आणि आधीचं राहून जातं. मग जमा एकीकडे आणि खाते दुसरीकडे. आम्ही आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि चाचांच्या पावतीपुस्तकातल्या कार्बन प्रतींवरून अख्खा दिवस पुन्हा टाइप केला. संगणकाने गमावलेलं कागदाने वाचवलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वेग वाढवा, पण योग्य क्रमाने. आधी ड्रायव्हर बदला. डिस्कचं काम क्यूएमूच्या मुख्य धाग्यावरून काढून वेगळ्या आयओ-थ्रेडला द्या. कॅश 'नन' ठेवा. त्यात होस्टची मेमरी वगळली जाते, पण 'पक्कं उतरवा' हा निरोप खाली पोचतो. आत लिनक्स असेल तर तिथला शेड्युलर 'नन' करा, एकाच रांगेची दोनदा लावालाव कशाला? एवढं करूनही हळू वाटलं तर पैसे खर्चा आणि वीज गेली तरी हातातलं लिखाण पुरं करण्यासाठी कपॅसिटर असलेली एसएसडी घ्या. आम्ही अखेर तेच केलं.

आणि मोजमाप प्रामाणिक करा. मोठी फाइल कॉपी करून 'केवढा वेग' म्हणू नका. डेटाबेस छोट्या तुकड्यांत लिहितो, पोस्टग्रेस ८ केबीच्या पानांत, इनोडीबी १६ केबीच्या. 'फायो' या साधनाने छोटे तुकडे घ्या, प्रत्येक लिखाणानंतर एफसिंक लावा. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एकामागोमाग एक, पक्की उतरणारी लिखाणं साध्या तबकडीवर साधारण तेवढीच होणार. मध्ये बॅटरीवाला कंट्रोलर नसताना आकडा ५,००० दिसला तर खूश होऊ नका. मधलं कोणीतरी खोटं बोलतंय, ते शोधा.

'अनसेफ' वाईट आहे असं मी म्हणत नाही. चाचणीचं मशीन, नव्याने बसवायची यंत्रणा, म्हणजे गेलं तर पुन्हा करता येईल अशा कामाला तो खुशाल वापरा. "आमच्याकडे यूपीएस आहे" असं सांगणाऱ्यांना मात्र एवढंच म्हणेन, आमच्याकडेही होता.

माझी खरी चूक सेटिंगची नव्हती. डेटा दुसऱ्यांचा होता आणि त्यावरचा धोका मी एकट्याने, कोणालाही न विचारता पत्करला. "काम पटकन होईल, पण वीज गेली तर हिशेब बिघडू शकतो, चालेल का?" असं साध्या मराठीत विचारलं असतं, तर चाचांनी एका क्षणात उत्तर दिलं असतं. त्यांना ड्रायव्हर कळत नाही. पावतीची किंमत मात्र कळते.